चाळीस ग्रॅमचा हट्ट आणि चिवट पॅनकेक

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात

पत्र लिहिणारी मैत्रीण छत्तीस वर्षांची आहे, वजन ६२ किलो. चार महिन्यांपासून आठवड्यातून तीन दिवस ती वजनं उचलण्याचा व्यायाम करते. व्यायाम शिकवणाऱ्यांनी सांगितलंय, ‘नाश्त्यात ४० ग्रॅम प्रोटीन गेलंच पाहिजे.’ सकाळी तिला गोडसर काहीतरी लागतं, म्हणून तिने पॅनकेक निवडले. चार अंड्यांचा फक्त पांढरा भाग, एक पिकलेलं केळं आणि एक स्कूप व्हे (दुधापासून काढलेल्या प्रोटीनची) पावडर. पीठ नाही, तेल नाही, साखर नाही. हे पॅनकेक कधी उलटताना फाटतात, तर कधी इतके चिवट होतात की चावून जबडा दुखतो. सात वर्षांच्या मुलाने एक घास घेऊन ताटली सरकवली. नवरा म्हणतो, ‘त्यापेक्षा दोन अंडी उकडून खा ना.’ सकाळचा पाऊण तास जातो, भांड्यांचा ढीग पडतो, फ्रीजमध्ये बलकांची वाटी साठते. तिने विचारलंय, ‘माझं नेमकं काय चुकतंय? पौष्टिक आणि चवदार एकत्र होतच नाही का? की पॅनकेकचा नादच सोडू?’

उत्तर

तुमचं पत्र वाचताना मी एका वाक्यापाशी थांबले. तुम्ही ते अगदी जाता जाता लिहिलंय: ‘बलकांची वाटी दर दोन-तीन दिवसांनी बेसिनमध्ये ओतून देते, तेव्हा फार वाईट वाटतं.’ तिथूनच सुरुवात करू या. तुमचे पॅनकेक का बिघडतात, याचं निम्मं उत्तर त्या वाटीत आहे.

एका मोठ्या अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन असतं. त्यातलं साडेतीन ग्रॅमच्या आसपास पांढऱ्या भागात, आणि उरलेलं, म्हणजे अडीच ते पावणेतीन ग्रॅम, बलकात. चार बलकांचा हिशोब केला तर जवळजवळ ११ ग्रॅम होतात. म्हणजे प्रोटीन हवं म्हणून आधी ११ ग्रॅम प्रोटीन बाजूला काढायचं आणि मग तीच तूट भरायला डब्यातली पावडर घालायची, असं रोज सकाळी चाललंय. नुसतं प्रोटीनच नाही. अंड्यातली जवळजवळ सगळी स्निग्धता बलकात असते, अ आणि ड जीवनसत्त्व तिथे असतं, कोलीन नावाचं पोषकद्रव्यही तिथेच असतं. आणि पॅनकेक मऊ ठेवणारं लेसिथिनसुद्धा बलकातच असतं. पीठ, पाणी आणि तेल यांना एकमेकांत मिसळून ठेवायचं काम ते करतं. ते काढून टाकल्यावर मऊपणा कुठून येणार?

बलकाची भीती कोलेस्टेरॉलमुळे बसली, हे मला ठाऊक आहे. एका बलकात साधारण १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, हा आकडा खरा आहे. पण अन्नातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीचा परिणाम बहुतेक निरोगी माणसांच्या रक्तातल्या कोलेस्टेरॉलवर जास्त होतो. अमेरिकेच्या आहार-मार्गदर्शिकेत आधी रोज ३०० मिलिग्रॅमची मर्यादा होती. २०१५ च्या आवृत्तीत ती काढून टाकली. तुमचं एलडीएल, म्हणजे रक्तातलं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढलेलं असेल, मधुमेह असेल किंवा घराण्यात कमी वयात हृदयविकार झालेले असतील, तर किती अंडी खायची हे तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. पत्रात तुम्ही असं काही लिहिलेलं नाही. मग नाश्त्यातल्या दोन अख्ख्या अंड्यांना घाबरायचं कारण मला तरी दिसत नाही.

आता त्या ४० ग्रॅमबद्दल बोलू. तुम्ही हा आकडा दगडावरची रेघ असल्यासारखा धरून ठेवलाय आणि बाकीचं सगळं त्याच्यामागे फरफटत चाललंय. जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्यासोबतच्या संस्थांनी २००७ मध्ये प्रौढ माणसासाठी दिवसाला शरीराच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरेसं मानलं. तुमच्या ६२ किलोंना ते होतं सुमारे ५१ ग्रॅम, अख्ख्या दिवसाला. तुम्ही वजनं उचलता, त्यामुळे तुमची गरज त्याहून जास्त. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ स्पोर्ट्स न्यूट्रिशनने २०१७ मध्ये नियमित व्यायाम करणाऱ्यांसाठी किलोमागे १.४ ते २ ग्रॅम सुचवले. खालची बाजू धरली तर तुमचे दिवसाचे ८७ ग्रॅम होतात. तीन जेवणांत वाटले की एका वेळेला २९ ग्रॅम.

तुमच्या प्रशिक्षकांनी सांगितलेले ४० ग्रॅम घातक वगैरे मुळीच नाहीत. मूत्रपिंडं निरोगी असलेल्या माणसाचं त्याने काही बिघडत नाही. (मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी मात्र प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे, हे सगळ्याच वाचकांसाठी.) पण २७ किंवा ३० ग्रॅम खाल्ले म्हणून व्यायाम वाया गेला, असंही होत नाही. नाश्त्यात राहिलेले दहा ग्रॅम दुपारी भरून निघतात. शरीर दिवसभराचा हिशोब धरतं.

मला खरं सांगायचंय ते हे. सगळं प्रोटीन पॅनकेकच्या पिठातच कोंबलं पाहिजे, हे तुम्ही कुठेतरी मनाशी धरून बसलाय. ते सोडून द्या. पॅनकेकला पॅनकेक राहू द्या. त्याच्या पिठात जेवढं सुखाने मावेल तेवढंच प्रोटीन घाला आणि उरलेलं ताटलीत, त्याच्या डोक्यावर किंवा शेजारी वाढा. एवढं एक ठरवलंत की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

पिठात जास्त प्रोटीन कोंबलं की नेमकं काय होतं, तेही सांगते. कारण कळलं की हात आपोआप बदलतो. अंड्याच्या पांढऱ्या भागातली आणि व्हेमधली प्रथिनं तापली की उलगडतात, एकमेकांना धरतात आणि त्यांची घट्ट जाळी तयार होते. जाळी आवळत गेली की आतलं पाणी बाहेर ढकललं जातं. साध्या पॅनकेकमध्ये या जाळीच्या मधेमधे पिठातला स्टार्च असतो. तो पाणी शोषून फुगतो, जाळीला फार आवळू देत नाही आणि ओलावा धरून ठेवतो. थोडं तेल किंवा बलक असला की जाळी आणखी सैल राहते. तुमच्या कृतीत स्टार्च जवळजवळ नाही, कारण पिकलेल्या केळ्यातला बहुतेक स्टार्च साखर झालेला असतो. स्निग्धताही नाही. दोन्ही बाजूंनी फक्त घट्ट होणारी प्रथिनं. असा पॅनकेक आच थोडी कमी पडली तर फाटणार आणि थोडी जास्त झाली तर चिवट होणार. त्या दोहोंच्या मधली जागा इतकी अरुंद आहे की रोज ती अचूक साधणं कुणालाच जमणार नाही. तुमचा हात वाईट नाही हो, कृतीच तशी आहे.

केळं आणखी एक घोळ करतं. त्यातली साखर पटकन रंग धरते. म्हणून बाहेरून पॅनकेक गडद तपकिरी होतो, आपण घाईने उलटतो आणि आत अजून लगदाच असतो. ‘उलटताना फाटतात’ असं तुम्ही लिहिलंय, ते बहुतेक यामुळेच. शिवाय प्रोटीनच्या बाबतीत केळ्याकडून फार आशा ठेवू नका. एका मध्यम केळ्यात जेमतेम सव्वा ग्रॅम असतं. गोडव्यासाठी आणि ओलाव्यासाठी ते उत्तम आहे, पण अर्धं पुरे.

तर तुमच्यासाठी मी सुचवते ते पीठ असं. एका माणसापुरतं: ४० ग्रॅम ओट्स मिक्सरमध्ये बारीक करून, दोन अख्खी अंडी, १०० ग्रॅम घट्ट, पाणी निथळलेलं दही (ग्रीक योगर्ट मिळत असेल तर तेच), अर्धं पिकलेलं केळं कुस्करून, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ. भाजायला एक छोटा चमचा तेल किंवा बटर. मीठ विसरू नका. गोड पदार्थात मीठ कशाला, असं वाटतं, पण ते नसलं की चव सपाट लागते आणि मग आपण साखर वाढवतो.

हिशोब पाहा. ओट्समधून ५ ग्रॅम, अंड्यांतून १२, दह्यातून ९ आणि केळ्यातून अर्धा. सगळे मिळून २६ ते २७ ग्रॅम प्रोटीन आणि पावणेपाचशेच्या आसपास कॅलरी. युरोपीय संघात एखाद्या पाकिटावर ‘हाय प्रोटीन’ लिहायचं असेल तर एकूण कॅलरींपैकी किमान २० टक्के प्रोटीनमधून आल्या पाहिजेत, असा नियम आहे. आपण घरच्या पदार्थालाही तीच फूटपट्टी लावू शकतो. प्रोटीनच्या ग्रॅमला चारने गुणायचं आणि एकूण कॅलरींनी भागायचं. आपले पॅनकेक २२-२३ टक्क्यांवर येतात. म्हणजे पावडरचा कणही न घालता ते हाय प्रोटीन ठरतात. हेच गणित बाजारातल्या तयार मिश्रणाच्या पाकिटालाही लावून बघा. कित्येकदा पाकिटावर ठळक छापलेला आकडा त्यात दूध आणि अंडी घातल्यानंतरचा असतो. मागच्या बाजूला बारीक अक्षरात नुसत्या मिश्रणाचा आकडा आणि साखरेचे ग्रॅम दिलेले असतात, ते वाचायचे.

‘दोन अंडी आणि एक केळं’ ही झटपट कृती सगळीकडे फिरत असते, म्हणून तिच्याबद्दलही एक शब्द. टक्केवारीत तीसुद्धा २० च्या वर जाते, पण प्रत्यक्षात प्रोटीन फक्त १४ ग्रॅम मिळतं आणि तंतुमय भाग फारच थोडा. तुमच्यासारखी व्यायाम करून आलेली बाई त्यावर दुपारपर्यंत तग धरणार नाही. ती म्हणजे दुधाची तहान ताकावर भागवणं झालं. ओट्स घातले की बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू येतो. तो पोटात जेलीसारखा घट्ट होतो आणि भूक बराच वेळ लांबवतो.

आता प्रत्यक्ष तव्यापाशी येऊ. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण तुमचा पाऊण तास इथेच जातोय.

आधी पीठ. ओल्या वस्तू वेगळ्या फेटा, कोरड्या वेगळ्या ठेवा, मग एकत्र करा आणि दहा मिनिटं हात लावू नका. ओट्सना पाणी प्यायला वेळ लागतो. कालवल्या कालवल्या पीठ पातळ दिसतं. घाबरून आणखी ओट्स घातले तर दहा मिनिटांनी त्याचा गोळा झालेला असतो. त्या दहा मिनिटांत अंघोळ होते, मुलाचं दप्तर भरून होतं. दहा मिनिटांनी चमचा उचलला की पीठ जाड धारेने पडलं पाहिजे आणि वाटीत पडल्यावर त्याची घडी क्षणभर दिसून विरली पाहिजे. घडी दिसलीच नाही तर पीठ पातळ आहे. घडी तशीच बसून राहिली तर एक मोठा चमचा दूध घाला.

मग तवा. चांगला जड, न चिकटणारा घ्या. मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटं तापू द्या आणि पाण्याचे दोन थेंब टाका. थेंब चुर्र करून आटले तर ठीक. मोत्यासारखे गोल होऊन इकडेतिकडे पळायला लागले तर तवा या पिठासाठी फार तापलाय, आच कमी करून मिनिटभर थांबा. मैद्याच्या पॅनकेकला एवढा तापलेला तवा कदाचित चालून जाईल, पण अंडी, दही आणि केळं घातलेल्या पिठाला नाही. त्याला मंद ते मध्यम आचच हवी.

पॅनकेक लहान घाला. अडीच मोठे चमचे पीठ, तळहाताएवढा गोल. मोठा एकच घातला की मध्य कच्चा राहतो आणि कालथा खाली जाईपर्यंत कडा तुटतात. लहान असले की एका वेळी तीन मावतात आणि दोन घाण्यांत काम संपतं. घातल्यावर वरून झाकण ठेवा. वाफेने वरचा थर धरायला लागतो आणि उलटताना फाटत नाही.

उलटायचं कधी, हे नीट बघा. मैद्याच्या पॅनकेकला वर बुडबुडे येऊन फुटतात, तीच खूण सगळे सांगतात. या पिठाला बुडबुडे थोडे येतात किंवा येतच नाहीत. त्यांची वाट बघत बसाल तर खालची बाजू करपेल. बुडबुड्यांऐवजी कडा बघा. पीठ घातलं तेव्हा ते सगळीकडे ओलं चमकत असतं. दोन-अडीच मिनिटांत बाहेरून आत ती चमक मावळत जाते. कडेचं बोटभर वर्तुळ कोरडं, फिकट झालं आणि मधला भाग नुसता ओलसर राहिला, की पातळ कालथा पूर्ण खाली सरकवा आणि मनगटाच्या एकाच हालचालीत उलटा. तव्यापासून फार उंच उचलू नका. उलटल्यावर कालथ्याने दाबायचा मोह होतो, तो आवरा. दाबला की आतली हवा आणि ओलावा दोन्ही निघून जातात. दुसरी बाजू मिनिटभरात होते. पहिला पॅनकेक थोडा बिघडला तरी खट्टू होऊ नका. तव्याचा अंदाज तोच देतो, पुढचे सरळ येतात.

एक काळजी घ्या. कच्चं पीठ चाखून गोडी बघू नका. कच्चं अंडं आणि कच्चं पीठ दोन्हींतून जंतू पोटात जाऊ शकतात. गोडी कमी वाटली तर वरून मध किंवा फळं घालता येतात. आणि शिजवल्याने प्रोटीन ‘मरतं’ ही समजूतही मनातून काढून टाका. शिजवलेल्या अंड्यातलं प्रोटीन साधारण ९१ टक्के पचतं आणि कच्च्यातलं साधारण ५१ टक्के, असं १९९८ मधल्या एका अभ्यासात मोजलं गेलंय. व्हेचंही तेच. उष्णतेने त्याची रचना बदलते, पोषण जात नाही.

तुमच्या घरात पावडरचा डबा आहे, तो फेकायला मी सांगत नाही. पण पिठात तिला पाहुणीसारखं वागवा, घरमालकीण करू नका. ४० ग्रॅम ओट्सना जास्तीत जास्त १५ ग्रॅम, म्हणजे अर्धा स्कूप, आणि तिच्यासोबत दोन-तीन मोठे चमचे जास्तीचं दूध. त्याने पॅनकेकमध्ये दहा-बारा ग्रॅम प्रोटीन वाढतं, म्हणजे तुमच्या प्रशिक्षकांचा आकडासुद्धा जवळपास गाठला जातो. व्हेऐवजी केसीन (दुधातलंच दुसरं प्रोटीन) असेल तर ते जास्त पाणी पितं आणि पॅनकेक जरा केकसारखा भरीव होतो. वाटाणा किंवा सोयाची पावडर त्याहून तहानलेली असते. चव लावलेली पावडर असेल तर मागची यादी वाचा. गोडव्यासाठी अस्पार्टेम वापरलेलं असेल तर तव्याच्या उष्णतेने तो गोडवा उतरतो आणि नुसती विचित्र चव मागे राहते. पॅनकेकसाठी बिनचवीची पावडर सगळ्यांत बरी.

माझा स्वतःचा कल मात्र वेगळा आहे. पावडर पिठात घालण्यापेक्षा मी ती तीन-चार चमचे दह्यात कालवते आणि ते दाटसर मिश्रण पॅनकेकवर क्रीमसारखं पसरते. तवा लागला नाही, म्हणजे चिवट होण्याचा प्रश्नच नाही, आणि प्रोटीन तेवढंच. वर चार स्ट्रॉबेऱ्या किंवा सफरचंदाच्या पातळ चकत्या. शेजारी एक कप दूध घेतलंत तर आणखी ८ ग्रॅम. पीनट बटरही छान लागतं, फक्त ते चमच्याने मोजून घ्या. एका मोठ्या चमच्यात प्रोटीन साडेतीन-चार ग्रॅम आणि कॅलरी ९५ च्या आसपास असतात. ते मुळात स्निग्ध आहे, प्रोटीन त्याच्या सोबतीने येतं. चांगलंच आहे, पण प्रोटीनसाठी म्हणून तीन चमचे घातले तर नाश्ता एकदम जड होतो.

दह्याऐवजी कॉटेज चीजही चालतं. १०० ग्रॅममध्ये ११ ते १२ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे दह्यापेक्षा थोडं सरसच. मात्र ते अंड्यांसोबत मिक्सरमध्ये अगदी गुळगुळीत फिरवून घ्या. दाणे राहिले तर ते तव्याला चिकटतात आणि तिथूनच पॅनकेक फाटतो.

अंडी न खाणाऱ्या वाचकांसाठीही लिहायला हवं, कारण अशी पत्रं मला बरीच येतात. हरभऱ्याच्या पिठात शंभर ग्रॅमला २२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, ओट्समध्ये १३. दोन्ही निम्मी-निम्मी घ्या. हरभऱ्यात लायसिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं आणि धान्यांत ते कमी पडतं, त्यामुळे ही जोडी एकमेकांची उणीव भरून काढते. अंड्याच्या जागी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात पाच मिनिटं भिजवून घाला, तिचा चिकटपणा पीठ धरून ठेवतो. दूध चालत नसेल तर सोया दूध घ्या. प्रोटीनच्या बाबतीत गाईच्या दुधाच्या जवळपास जाणारं वनस्पतीजन्य दूध तेच. बदामाच्या बाजारी दुधात बहुतेकदा कपाला एक ग्रॅमच्या आसपासच प्रोटीन असतं. फक्त हरभऱ्याचं पीठ कच्चं राहिलं तर कडवट लागतं, म्हणून हे पॅनकेक पातळ घाला आणि दोन्ही बाजूंनी निवांत भाजा. दह्याचा किंवा लिंबाचा आंबटपणा असेल तेव्हाच खायचा सोडा वापरा, नाहीतर साबणासारखी चव येते. आंबट काही नसेल तर बेकिंग पावडर, कारण तिच्यात आम्ल आधीच घातलेलं असतं.

आता तुमच्या मुलाबद्दल. अमेरिकेतल्या शिफारशींनुसार ४ ते ८ वर्षांच्या मुलाला अख्ख्या दिवसात १९ ग्रॅम प्रोटीन लागतं. तुम्ही एका ताटलीत जे बसवायला बघत होतात, ते त्याच्या दोन दिवसांच्या गरजेइतकं आहे. त्याने ताटली सरकवली यात त्याचं काहीच चुकलं नाही. त्याला पावडरीची गरज नाही. याच पिठातले दोन पॅनकेक त्याला द्या, वर फळं आणि थोडा मध. तेवढ्यात त्याचं सात-आठ ग्रॅमचं काम होऊन जातं. आणि त्याच्यासमोर ‘हे पौष्टिक आहे, खा’ असं म्हणू नका. मुलांना हे वाक्य ऐकू आलं की चव आधीच बिघडलेली असते. नुसते पॅनकेक म्हणून वाढा.

वेळेचं म्हणाल तर कोरडा भाग आठवड्याचा एकदम करून ठेवा. बारीक केलेले ओट्स, बेकिंग पावडर आणि मीठ, रोजच्या मापाने छोट्या डब्यांत. सकाळी फक्त ओलं मिसळायचं. कालवलेलं पीठ रात्रभर फ्रीजमध्ये ठेवण्यापेक्षा हे बरं, कारण ओलं झालं की बेकिंग पावडरचा जोर हळूहळू सरतो. त्याहून सोपं म्हणजे सुट्टीच्या दिवशी तिप्पट पीठ करून सगळे भाजून ठेवा. जाळीवर पूर्ण गार होऊ द्या, गरम असताना डब्यात भरले तर वाफेने खालचे भिजतात. पण दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतात. मधे बटर पेपर घालून फ्रीजरमध्ये ठेवले तर दोन महिनेही राहतात आणि सरळ टोस्टरमध्ये टाकता येतात. पावडर घातलेले असतील तर मायक्रोवेव्ह टाळा, त्यात ते पुन्हा चिवट होतात. मंद तव्यावर झाकून गरम करा.

आणि तुमच्या नवऱ्याचं म्हणणं. तुम्हाला ते टोमण्यासारखं लागलं, असं पत्रावरून वाटलं. पण त्यातलं तथ्य घेऊन टाका. ज्या सकाळी वेळ नसेल त्या सकाळी दोन उकडलेली अंडी, वाटीभर घट्ट दही आणि एक फळ हा पॅनकेकइतकाच चांगला नाश्ता आहे. पॅनकेक रोज केलेच पाहिजेत असं कुणी सांगितलंय? आठवड्यातून दोनदा मनापासून करा, बाकीचे दिवस फ्रीजरमधले किंवा अंडी. नाद सोडायची गरज नाही, त्याचा रोजचा बोजा तेवढा उतरवा. तुम्ही व्यायाम सुरू केलात, चार महिने टिकवलात, सकाळी स्वतःसाठी काहीतरी शिजवताय. हे मला फार मोलाचं वाटतं. ते एका आकड्यापायी कडू होऊ देऊ नका.

राहिली ती बलकांची वाटी. जुनी असेल तर आता ओतून द्या आणि शेवटची म्हणून ओता. पण आज-कालचीच असेल, झाकून फ्रीजमध्ये ठेवलेली असेल, तर उद्याच्या पिठात दोन अंड्यांऐवजी एक अख्खं अंडं आणि त्यातले दोन बलक घाला, सोबत एक मोठा चमचा दूध. प्रोटीन जवळजवळ तेवढंच राहील. आणि पॅनकेक काट्याच्या कडेने, जोर न लावता तुटतोय का, ते मला नक्की कळवा.